परदेशी निघताय? मुंबईच्या काउंटरवर कळणाऱ्या चुका घरातच पकडा

जळगाव ते मुंबई चारशे किलोमीटरच्या वर. विमानतळावर "हा कागद चालणार नाही" असं ऐकल्यावर अंधेरीचा माणूस रिक्षा करून घरून दुसरा आणेल. आपण काय करणार? कोरोनानंतर हा घोळ वाढला, कारण नियम आले, बदलले, गेले आणि आपल्या डोक्यात मात्र २०२१ सालच बसून राहिलं.

पाचोऱ्याची मावशी लेकीकडे दुबईला निघाली तेव्हा दिराने तिला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट काढायला पिटाळलं. ग्रुपवर मेसेज आला होता म्हणे. अशा मेसेजला तारीख नसते, हीच गोम. भारतात येताना भरायचा एअर सुविधा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. अमेरिकेने विमानाने येणाऱ्यांवरची कोविड लसीची अट १२ मे २०२३ ला काढली. तरी फॉरवर्ड फिरतातच. नियम पाहायचा तो त्या देशाच्या दूतावासाच्या आणि विमान कंपनीच्या साइटवर, तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा. आणि सगळं संपलं म्हणून लसीचं सर्टिफिकेट फेकून देऊ नका. मोबाइलमध्ये एक, छापील एक राहू द्या, जागा किती लागते?

नावाची भानगड

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. लसीच्या शिबिरात आधार पाहून नाव टाकलं, आधारवर आडनाव आधी. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. तिकीट काढणाऱ्या भाच्याने नवऱ्याचं नाव गाळलं. व्हिसावर तिसरंच स्पेलिंग. मावशीचे चारही कागद ओट्यावर मांडले तर एका बाईच्या चार बाया झाल्या होत्या. ती म्हणाली, "आते काय करानं रे?" करायचं एकच: पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जे स्पेलिंग छापलेलं असतं तेच खरं धरायचं आणि तिकीट, व्हिसा, विमा त्याच्याशी एकेक अक्षर लावून पाहायचं. मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि नाव एकाच शब्दाचं असेल तर आधी पासपोर्टच दुरुस्त करा. दुबईच्या टुरिस्ट व्हिसासाठी असं एकेरी नाव नोव्हेंबर २०२२ पासून अडतं.

पासपोर्टची तारीखही पाहाच. लॉकडाऊनमध्ये कपाटात पडलेले बरेच पासपोर्ट तिथेच संपले. बरेच देश पोहोचल्यापासून पुढे सहा महिने मुदत मागतात, म्हणजे मुदत चार महिन्यांनी संपणार असेल तर तो पासपोर्ट तिथे संपलेलाच समजा. लहान मुलांचा तर पाचच वर्षांचा असतो.

लस म्हणजे फक्त कोरोनाची नव्हे

केनियाला निघालेल्यांनी पीतज्वराची (यलो फिव्हर) लस घ्यावी. तिचं पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवस वेगळं ठेवतात. टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं आणि पुढे जन्मभर चालतं. ही लस तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही, ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. म्हणजे तेवढ्यासाठी मोठ्या शहराची एक फेरी धरूनच चाला. भुसावळ-रावेरकडून मक्केला उमराहला जाणाऱ्यांना मेनिन्जायटिसची (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) लस लागते, तीही किमान दहा दिवस आधी.

इन्सुलिन आणि मसाला

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. रेल्वेच्या डब्यात इन्सुलिन नुसतं पर्सच्या कप्प्यात असेल तर कसाऱ्यापर्यंत त्याचं काय होतं ते विचारू नका. चालू पेन साधारण ३० अंशांच्या खाली राहायला हवं, न उघडलेलं २ ते ८ अंशांत. गार पिशवीत ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. विमानात ते हातातल्या बॅगेतच, चेक-इन बॅगेत कधीच नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी दुबईत परवानगीशिवाय चालत नाही.

आणि हो, मसाला. मावशीने दोन किलो काळा मसाला बांधला होता, त्यात खसखस. आखातात खसखस अमली पदार्थात धरतात. पुडी उघडून खसखशीशिवाय मसाला पुन्हा करायला तिला दोन दिवस लागले, रुसून. केळीचे वेफर्स मात्र गेले.

प्रवासाचा विमा घेताना शुगर-बीपी लपवू नका, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं.

शेवटची चूक तारखेची. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ०१:४० लिहिलं असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री दहाला हजर राहायचं. आमच्या घरी रेल्वेचं आरक्षण १५ च्या सकाळचं काढलं होतं. सुदैवाने मावशीच्या धाकट्या पोराने आदल्या आठवड्यात दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली. मग १३ च्या रात्रीची गाडी धरली. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाड्या खोळंबतात हे लक्षात घेऊन एक पूर्ण दिवस मुंबईत काढला, मामेबहिणीकडे डोंबिवलीला.