स्पर्धेनंतरची उजळणी: मिनिएचर वॉरगेमिंगमधला आपला खेळ आणि खिलाडूवृत्ती कशी तपासावी

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोट्या प्रतिकृतींची सैन्यं मांडून, फासे टाकत खेळायची लढाई. तिची स्पर्धा संपली की बहुतेकांच्या डोक्यात दोनच गोष्टी उरतात: किती डाव जिंकले आणि कुठल्या फाशाने दगा दिला. दोन्हींवरून पुढचा खेळ सुधारत नाही. तपासायच्या असतात त्या तीन गोष्टी: घेतलेले निर्णय, वापरलेला वेळ आणि समोरच्याशी केलेला व्यवहार. तिन्हींची नोंद एकाच वहीत ठेवा. थकलेला खेळाडू ज्या पाळीत चुकीचं युनिट (एकत्र हलणारी तुकडी) पुढे काढतो, त्याच पाळीत तो घड्याळ विसरतो आणि त्याच पाळीत त्याचा आवाजही चढतो. खिलाडूवृत्तीला वेगळ्या कप्प्यात टाकलं की हा संबंध दिसतच नाही.

खालची उदाहरणं वॉरहॅमर ४०,००० च्या २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीतली आहेत: २००० पॉइंटची आर्मी (युनिटच्या ठरलेल्या किमतींची बेरीज), ६० बाय ४४ इंचांचं टेबल, पाच बॅटल राउंड (प्रत्येकात दोघांची एकेक पाळी), एका फेरीला, म्हणजे एका डावाला, साधारण तीन तास. दुसरा खेळ असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

नोंद टेबलाजवळच करा

निकाल नोंदवला की मिनिएचर ट्रेवर भरण्याआधी दहा मिनिटं काढा. पुढची फेरी सुरू झाली की आधीचा डाव पुसट होतो, आणि रात्री जे आठवतं ते आपल्या सोयीचं आठवतं. स्कोअरशीटचा फोटो घ्या. त्यात प्रत्येक राउंडचे प्रायमरी (मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या जागा, ताब्यात ठेवण्याचे) आणि सेकंडरी (जोडीच्या लहान कामगिऱ्यांचे) गुण वेगवेगळे दिसायला हवेत, नुसत्या अंतिम आकड्याचा उपयोग नाही. मग चार-पाच ओळी लिहा. कारणमीमांसा नको, फक्त काय झालं ते. नमुना असा (चार्ज म्हणजे फासे टाकून शत्रूला भिडायला धावणं, री-रोल म्हणजे फासे पुन्हा टाकायची संधी, वॉकर म्हणजे पायांवर चालणारं युद्धयंत्र):

"फेरी ३. हार, ६१–७८. प्रायमरी २५–४०, सेकंडरी २६–२८, रंगकाम १०–१०. दुसऱ्या राउंडला मधला ऑब्जेक्टिव्ह सोडून सगळा मारा वॉकरवर. तिसऱ्या राउंडला नऊ इंचांचा चार्ज, री-रोल शिल्लक नाही, फसला. ९० मिनिटांनी दुसरा राउंड अर्धाच. एक चाल परत मागितली, त्याने दिली. त्याने मागितली तेव्हा मी 'बघ बुवा' म्हणालो."

आता ही नोंद वाचा. फरक १७ गुणांचा आहे आणि त्यातले १५ एकट्या प्रायमरीत गेलेत. खेळाडूला मात्र आठवत राहणार तो फसलेला चार्ज. तो लागला असता तरी मधला ऑब्जेक्टिव्ह दुसऱ्या राउंडलाच हातचा गेलेला होता. हार कुठल्या रकान्यात झाली हे आधी बघायचं आणि कुठलं युनिट मेलं हे नंतर. या आवृत्तीत प्रायमरीला जास्तीत जास्त ५०, सेकंडरीला ४० आणि रंगवलेल्या आर्मीला १० गुण असतात; शत्रूची युनिट मारण्याचे गुण यात मिशन (त्या डावाची ठरलेली कामगिरी) सांगेल तेवढेच.

जिंकलेल्या डावाचीही अशीच नोंद करा. समोरच्याच्या चुकीने मिळालेला विजय पुढच्या फेरीत तीच चाल पुन्हा खेळायला लावतो आणि तिथे समोरचा ती चूक करत नाही.

फाशांचा हिशेब

"फासेच पडले नाहीत" हे वाक्य लिहायला हरकत नाही, पण त्याच्याशेजारी आकडा हवा. समजा ३० हल्ले आहेत. ३+ वर (फाशावर ३ किंवा जास्त आले तर) लागतात, म्हणजे २०. त्यातले ४+ वर जखम करतात, म्हणजे १०. समोरच्याचा सेव्ह (जखम अडवायचा फासा) ४+ आहे, म्हणजे सरासरी ५ जखमा आरपार जातात. समोर पाच जणांचं युनिट आहे आणि एका जखमेला एक जण मरतो. हिशेब जुळला म्हणून बरेच जण ते युनिट मेलंच असं धरून पुढची चाल ठरवतात.

प्रत्यक्षात ५ किंवा जास्त जखमा आरपार जाण्याची शक्यता जेमतेम ५८ टक्के आहे. म्हणजे दहात चार वेळा त्या युनिटमधला कोणीतरी ऑब्जेक्टिव्हवर उभाच राहणार. २ किंवा त्याहून कमी जखमा होणं हे दहातून एकदा घडतं. तेवढ्याला दुर्दैव म्हणू. ३ किंवा ४ आल्या तर तक्रारीला जागाच नाही. तिथे चूक फाशाची नसून राखीव युनिट हाताशी न ठेवण्याची आहे.

चार्जचंही तसंच. नऊ इंच धावायला दोन फाशांची बेरीज ९ किंवा जास्त लागते, आणि ती येण्याची शक्यता सुमारे २८ टक्के. री-रोल हाताशी असेल तर ती ४८ च्या आसपास जाते, म्हणजे तरीही निम्म्याहून कमीच. ७ लागत असेल तर ५८ टक्के. अख्खा डाव एका नऊ इंचांच्या चार्जवर टांगला असेल तर वहीत "चार्ज फसला" असं लिहू नका, "२८ टक्क्यांवर डाव लावला" असं लिहा. कधीकधी तोच निर्णय बरोबर असतो: हरत असताना दुसरी वाटच नसेल तर तो चार्ज करायलाच हवा. ती वेळ कशामुळे आली, हे मग एक राउंड मागे जाऊन शोधायचं.

निर्णय तपासताना पश्चातबुद्धीला लगाम घाला. त्या क्षणी टेबलावर जे दिसत होतं तेवढ्यावरच निर्णयाचा निवाडा करा. प्रत्येक डावातून तीन क्षण निवडले की पुरे, आणि त्यातला एक डिप्लॉयमेंटचा (सुरुवातीला आर्मी मांडण्याचा) असू द्या. पहिली पाळी समोरच्याला मिळाली तर काय उघड्यावर पडतं, हा प्रश्न तेव्हा विचारला होता का? बरेच डाव तिथेच अर्धे हरलेले असतात.

घड्याळ

तीन तासांतून मांडणी, मिशन आणि बोलणं यांना अर्धा तास द्या. उरली १५० मिनिटं. दोघांच्या मिळून दहा पाळ्या, म्हणजे पाळीला १५ मिनिटं. यावरून एक सोपी खूण मिळते: ९० मिनिटं झाली तेव्हा दुसरा राउंड संपत आलेला असावा. तो अर्धाच असेल तर पाचवा राउंड होणार नाही. आणि ज्याची आर्मी शेवटी गुण मिळवते, त्याचं नुकसान दुसऱ्याच्या संथपणामुळे होतं. मुद्दाम वेळ काढणारे थोडे असतात. पण दर पाळीला नियम शोधणारे आणि तेच अंतर तिसऱ्यांदा मोजणारे खूप असतात, आणि समोरच्याला बसणारा फटका दोघांकडून सारखाच.

म्हणून वेळ कुठे जातो ते लिहा. सहसा तो तीन ठिकाणी जातो: मोठ्या युनिटची एकेक मिनिएचर हलवताना, स्वतःच्याच युनिटचे नियम शोधताना आणि लक्ष्य ठरवताना. पहिल्यावर मूव्हमेंट ट्रे (अख्खं युनिट एकदम सरकवायचा ट्रे) किंवा लहान युनिट, दुसऱ्यावर छापलेला एकपानी तक्ता. तिसऱ्यावर उपाय म्हणजे समोरच्याच्या पाळीत विचार करणं, जे जवळपास कोणीच करत नाही. चेस क्लॉक (दोघांचा वेळ वेगवेगळा मोजणारं घड्याळ) असेल तर प्रत्येकाला ९० मिनिटं मिळतात. समोरचा सेव्ह टाकत असताना किंवा विचार करत असताना घड्याळ त्याच्याकडे जातं, आणि आपल्याकडे परत वळवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही तर ते आपण सांगायचं.

खिलाडूवृत्तीही मोजता येते

"मी चांगला वागलो" ही भावना पुरावा नव्हे. समोरच्याने आपल्याला पूर्ण खेळगुण (खिलाडूवृत्तीचे गुण) दिले यावरूनही फार कळत नाही. बहुतेक जण सवयीने पूर्णच देतात. कमी गुण मात्र गांभीर्याने घ्या आणि ते कोणी दिले हे शोधत बसू नका. त्याऐवजी प्रत्येक डावाबद्दल ठरावीक गोष्टी लिहा.

परत घेतलेल्या चाली. किती मागितल्या, किती दिल्या? मागणं आणि देणं यांत सतत तफावत असेल तर तोच रडीचा डाव, भले चेहरा हसरा असो. वरच्या नमुन्यातलं "बघ बुवा" विशेष घातक. तो होकार नाही आणि नकारही नाही. समोरचा संकोचून मागणी सोडून देतो आणि नकाराचा फायदा आपल्याला फुकट मिळतो. डावाआधीच एक मर्यादा ठरवली की हा प्रश्न संपतो: नवीन माहिती मिळालेली नसेल, म्हणजे मधे फासे पडलेले नसतील, तर चाल परत घेता येईल. फासे पडल्यावर नाही. हे दोघांनाही लागू.

नियमांचे वाद. कोणाचं म्हणणं बरोबर निघालं आणि निकाल कसा लागला ते लिहा. स्पर्धा संपल्यावर आपण चुकीचे खेळलेले सगळे नियम एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक चूक कोणाच्या फायद्याची होती ते शेजारी मांडा. प्रामाणिक चुका दोन्ही बाजूंना पडायला हव्यात. पाचातल्या पाचही आपल्याच बाजूला झुकल्या असतील तर आपण फसवलं असं म्हणायची गरज नाही, पण आपण नियम फायद्यापुरताच वाचतो हे मान्य करावं लागेल. डाव संपल्यावर चूक सापडली तर समोरच्याला सांगा, आणि निकाल त्यामुळे बदलू शकला असता तर पंचांनाही. नोंदलेला निकाल बदलायचा की नाही ते पंच ठरवतील.

न सांगितलेल्या गोष्टी. "तू विचारलं नाहीस" म्हणून झालेला घात हा नियमात बसतो आणि मनात राहतो. डावाआधी पाच मिनिटांत निदान एवढं सांगितलं होतं का: समोरच्याच्या पाळीत आपण काय करू शकतो, कुठलं युनिट चार्ज झालेलं असूनही आधी वार करतं, आणि राखीव दलातलं कोणी नऊ इंचांहून जवळ उतरू शकतं का? हे सांगून हरत असाल तर डावपेच कच्चा आहे, कारण जाणकार समोरच्याला ते आधीच ठाऊक असणार.

हेतू बोलून खेळणं. भिंतीआड युनिट ठेवताना "हे तुझ्या टँकला दिसू नये म्हणून ठेवतोय, बरोबर?" असं विचारून समोरच्याचा होकार घेतला, की पुढच्या पाळीत बेसची (मिनिएचरखालच्या चकतीची) कड दोन मिलिमीटर बाहेर आलीय यावर भांडण होत नाही. एखाद्या डावात असा वाद झालाच असेल तर वहीत बघा: हेतू बोलला गेला होता का? बहुधा नसतो. फाशांचंही तेच. टेबलावर सपाट न पडलेला फासा पुन्हा टाकायचा हे आधी ठरलेलं असावं. चुकलेले फासे उचलावेत आणि लागलेले समोर राहू द्यावेत, म्हणजे समोरच्याला मोजता येतं. फासे झरझर उचलणाऱ्यावर संशय घेतला जातो, मग त्याचा हिशेब कितीही चोख असो.

शेवटची बाब सुराची. वाईट फाशानंतर आपण काय बोललो ते शक्य तितकं शब्दशः लिहा. चांगल्या खेळलेल्या डावावर "नशीबवान आहेस" असं म्हटलं तर समोरच्याच्या दोन तासांच्या विचारावर पाणी पडतं. जिंकतानाचा सूरही तपासा. हरणाऱ्याला न विचारता डावपेच शिकवणं हा त्याचा नेहमीचा प्रकार, आणि तो करणाऱ्याला आपण मदत करतोय असं वाटत असतं.

डाव मधेच सोडला असेल तर तोही इथेच येतो. अनेक स्पर्धांत बरोबरी सुटते ती मिळवलेल्या गुणांवर, त्यामुळे तिसऱ्या राउंडला मिनिएचर गोळा करणारा समोरच्याचे गुण अडवून बसतो. सोडायचाच असेल तर उरलेले राउंड दोघांनी बोलून, पंचांना मान्य असेल त्या रीतीने पूर्ण करा.

एकूण निकाल आणि पुढचे बदल

स्वीस पद्धतीत सारखी कामगिरी असलेल्यांच्या जोड्या लागतात. त्यामुळे पहिले दोन डाव हरून पुढचे तीन जिंकणं आणि पहिले तीन जिंकून शेवटचे दोन हरणं, दोन्हींचा आकडा ३–२ असला तरी समोरचे खेळाडू एकाच ताकदीचे नव्हते. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने शेवटी किती डाव जिंकले ते शेजारी लिहा, मगच निकालाला अर्थ येतो.

सगळ्या नोंदी दोन दिवसांनी एकत्र वाचा, त्याच रात्री नको. एकदाच झालेली चूक सोडून द्या. तीन डावांत दिसलेली पकडा. त्यातून खेळातला एक आणि वागण्यातला एक असे दोनच बदल निवडा, आणि ते कृतीच्या भाषेत लिहा. "शांत राहीन" असा बदल टेबलावर करता येत नाही. "वाद एका मिनिटात मिटला नाही तर पंचांना बोलावीन" असा करता येतो. "ऑब्जेक्टिव्हकडे लक्ष देईन" याऐवजी "लक्ष्य निवडण्याआधी या पाळीचे आणि पुढच्या पाळीचे प्रायमरी गुण मोजेन". पुढच्या सरावाला हे दोन्ही समोरच्याला सांगून खेळा आणि विसरलात तर टोकायला सांगा. लिस्टला (आर्मीच्या यादीला) हात लावायची घाई नको: युनिट बदलायचं असेल तर आधी वहीत बघा की ते निकामी ठरलं होतं, की चुकीच्या जागी उतरवलं होतं.