तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू होताना

नेमणुकीचा आदेश हातात पडतो, पेढे वाटून होतात आणि मग शाळेचं नाव नकाशावर शोधायची वेळ येते. शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरून जिल्हा परिषदेत निवड झालेल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला वस्तीवरची किंवा तांड्यावरची शाळा येते. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. मी मराठवाड्यातल्या अशाच एका बंजारा तांड्यावर पहिली-दुसरीला शिकवते. नव्याने येणारे फोन करून विचारतात, 'मॅडम, काय तयारी करून येऊ?' त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी पैशांचं. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची असतात. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकचं मानधन दरमहा १६,००० रुपये आहे. त्याआधी ते ६,००० होतं, म्हणजे आमच्या आधीच्या मंडळींनी कसे दिवस काढले असतील ते समजून घ्या. पण पगाराच्या सरकारी प्रणालीतला शालार्थ क्रमांक मिळेपर्यंत हातात काहीच पडत नाही आणि ते काम आपल्या गतीने होत नाही. काही महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि पेट्रोलची सोय करूनच या. खोली जमेल तितकी शाळेजवळ घ्या, निदान पहिल्या वर्षी. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याचा नियम, त्यासाठीचा ग्रामसभेचा ठराव हे विषय स्टाफरूममध्ये रंगवून सांगितले जातात. माझं कारण त्याहून साधं आहे. संध्याकाळी सहानंतरचा तांडा पाहिला नसेल, तर सकाळी दहाला वर्गात बसलेलं मूल निम्मंच दिसतं.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर हे प्रमाण चांगलं दिसतं, पण वर्ग चार असतात हे त्या आकड्यात दिसत नाही. शिवाय दोघांपैकी एक कधी प्रशिक्षणाला, कधी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला, कधी पंचायत समितीत. त्या दिवशी चारही वर्ग तुमच्याकडे. तेव्हा तासिकांचं वेळापत्रक भिंतीवर जरूर लावा, पण दिवस मात्र दोन मोठ्या तुकड्यांत चालवा. परिपाठ झाला की जेवणापर्यंत भाषा, जेवणानंतर गणित, आणि परिसर अभ्यास व खेळ यांना त्यांची जागा. मी पहिलीसोबत खाली बसते तेव्हा दुसरीची मुलं जोडीने वाचत असतात. एक वाचतो, दुसरा बोट ठेवून ऐकतो, अडलं तर गटप्रमुखाकडे जायचं, माझ्याकडे नाही. ही सवय लागायला दिवाळी उजाडते. तोवर गोंगाट होणारच. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघतील, बघू द्या.

नव्या माणसाला बहुधा पहिली देतात. नाही म्हणू नका. सगळ्यात अवघड वर्ग तोच आहे आणि शिकवणं काय असतं ते तिथेच कळतं.

एक उदाहरण देते. दुसरीतल्या एका मुलीला पंचवीस सांगितलं की ती ५२ लिहायची. तोंडी मोजणी पक्की, बेरीज बोटांवर बरोबर, पाटीवर मात्र उलटं. कानावर पाच आधी येतो, म्हणून पाच आधी लिहायचा. तिचा हिशेब सरळ होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. पण पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, ही अडचण रोजची आहे. आम्ही तुराट्या आणल्या. तूर निघाल्यावर तांड्यात त्या घरोघरी असतात, पैसा लागत नाही. बोटभर लांबीचे तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधायला मुलांनाच लावलं. गठ्ठा बांधताना नऊच निघाले तर शेजारचा ओरडतो, इतकी त्यात गोडी. मग फरशीवर खडूने दोन घरं आखली, डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या. पंचवीस म्हटलं की ती दोन गठ्ठे डावीकडे ठेवायची, पाच काड्या उजवीकडे आणि त्याच्या खाली अंक. काही दिवस ती काड्या नसतानाही अंक लिहिण्याआधी डावा हात फरशीवर टेकवायची. पुढे तेही थांबलं. हे काम फळ्यावर होत नाही.

म्हणूनच शाळा रंगवण्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. बोलक्या भिंती, फरशीवरचे तक्ते, आगगाडीसारखे रंगवलेले व्हरांडे, फोटो झकास येतात, भेटीला आलेले साहेबही खूश होतात. लोकवर्गणी जमलीच तर निम्मी रंगाला घाला हवं तर, पण निम्मी मुलांच्या हातात येईल अशा वस्तूंना आणि गोष्टींच्या पुस्तकांना ठेवा. पुस्तकं कपाटात कुलपात नकोत, दोरीवर टांगा. फाटतील. फाटलेलं पुस्तक वाचलं गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

आमच्याकडे मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिल्या सत्रात उत्तर गोरमाटीत आलं तर ते घ्या आणि तेच मराठीत म्हणून पुढे चला. 'मराठीत बोल' म्हणून दटावलं की ते मूल महिनाभर तोंड उघडत नाही. तुम्ही चार शब्द शिकलात, आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी म्हणतात एवढं जरी, तरी मुलं तुमचे उच्चार सुधारायला बसतात आणि गुरू कोण ते ठरतं.

आता पोषण आहार. नवख्यांना हे ओझं वाटतं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ताटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. साठ्याची नोंद रोजच्या रोज करा, आठवड्याची एकदम कराल तर तांदूळ कधीच जुळणार नाही. वाढण्याआधी चव घेऊन चव रजिस्टरला सही करायची असते. ती खरोखर चव घेऊनच करा. मुलांच्या पंगतीत बसून तीच खिचडी खा. स्वयंपाकीताईंना मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर येत नाही, पण शाळेतल्या सगळ्यात जाणत्या बाई त्याच. कोणाच्या घरी तापाचा रुग्ण आहे, कोणाची आजी वारली, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून यंदा कोणी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, हे हजेरीपटाच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

उचलीचा विषय आलाच आहे, तर आमच्या भागातल्या शाळांचा खरा कस इथेच लागतो. दिवाळी आटोपली की ट्रक आणि ट्रॅक्टर येतात आणि कोयते कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी सोबत जाते आणि ऊस संपेपर्यंत कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, राहते. जायच्या दिवशी रस्त्यात उभं राहून समजावण्यात अर्थ नसतो, भांडी गाडीत चढलेली असतात. बोलणी पोळ्याच्या आसपास सुरू करा. कोण जाणार, मागे आजी-आजोबा आहेत का, ते मूल ठेवून घेतील का, याची घरोघरी फिरून यादी करा. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. मुलं आजीकडे झोपतात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. आजीचा अर्धा नकार जेवणाच्या काळजीपोटी असतो, अर्धा मुलीच्या जबाबदारीपोटी. त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी स्वयंपाकीताईंना सोबत न्या, तुमच्यापेक्षा त्यांचा शब्द चालतो. जाणारच असतील त्यांना तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक द्या, एक पुस्तक आणि वही द्या, बापाचा फोन नंबर घ्या आणि खरोखर फोन करा. परत आल्यावर त्यांना मागच्या रांगेत बसवायचं नाही. जिथे सोडलं तिथून, त्याच वयाच्या मुलांबरोबर.

शाळा व्यवस्थापन समितीचं म्हणाल तर कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. सभा सकाळी अकराला ठेवली की सह्या घरोघरी फिरवाव्या लागतात, कारण त्या वेळी माणसं रानात असतात. आम्ही रात्री जेवणानंतर सेवालाल महाराजांच्या देवळासमोर बसतो. नायक आणि कारभारी, म्हणजे तांड्याचे प्रमुख, यांना आधी भेटून या. त्यांचा मान राखला की सभेत आवाज चढत नाही. बायका मात्र पुरुषांसमोर बोलत नाहीत. त्यांची सभा हापशावर होते, तिथे जाऊन उभं राहावं लागतं. शौचालयाच्या दाराला कडी नाही म्हणून मोठ्या मुली दुपारी घरी जातात, हे मला तिथेच कळलं. कडी बसली.

सणांना सुट्टी समजू नका, पाठ समजा. श्रावणात तीज असते, मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि रोज गाणी म्हणत पाणी घालतात. त्या दिवसांत वर्गात मुली कमी दिसतात. आम्ही एक टोपली शाळेत ठेवली, रोज अंकुराची उंची पट्टीने मोजून वहीत लिहायची. परिसर अभ्यास झाला, मोजमाप झालं आणि मुलीही आल्या.

कागदांचं थोडक्यात. यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवरची शाळेची माहिती, आधार पडताळणी, व्हॉट्सॲपवर 'अतितात्काळ' म्हणून येणारे तक्ते, हे संपणारं काम नाही. एका जाड वहीत प्रत्येक मुलाची जन्मतारीख, आधार, खातं, पालकांचा नंबर एकदा नीट लिहून घ्या, वर्षभर तीच पुरते. ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेतली शिक्षकांची पदं ठरतात, तेव्हा त्या सुमारास नोंदी चोख ठेवा. वर्गाच्या वेळेत मोबाइल मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहू द्या. साहेब रागावतील असं वाटतं, सहसा रागावत नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दाखलपात्र मुलांचं सर्वेक्षण येतं. अंगणवाडीताईंकडून ६ वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी घ्या आणि ती घेऊन प्रत्येक घरी जा. ऊसतोडीवरून परतलेली घरं त्या यादीत बहुतेक वेळा सुटलेली असतात. त्यांच्याकडे पुन्हा संध्याकाळी जा, माणसं तेव्हाच भेटतात.