पट्टी वाजवून यंग मॉड्युलस आणि डॅम्पिंग कसं मोजायचं

धातूच्या पट्टीवर हलका ठोका मारला की मोजण्यासारख्या दोन गोष्टी मिळतात: तिचा स्वर, आणि तो विरायला लागणारा वेळ. स्वरावरून यंग मॉड्युलस, म्हणजे धातूचा ताठपणा, निघतो; विरण्यावरून डॅम्पिंग, म्हणजे कंपनाची ऊर्जा किती झपाट्याने खर्च होते ते. पहिलं मोजमाप बऱ्याच चुका पोटात घालतं, दुसरं एकही चूक माफ करत नाही.

उदाहरणाला २०० मिमी लांब, २५ मिमी रुंद आणि ५ मिमी जाड अशी माइल्ड स्टीलची पट्टी घेऊ. फॅब्रिकेशनच्या दुकानातली हॉट-रोल्ड पट्टी टाळा. तिच्यावर खपली असते आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाची पट्टी) घ्या, टोकं काटकोनात कापून कानशीने घासा. लांबी निदान जाडीच्या वीसपट हवी, म्हणजे पुढचं सूत्र नीट चालतं.

दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.२२४ पट अंतरावर, म्हणजे इथे ४४.८ मिमीवर, खुणा करा. मूळ कंपनात पट्टी या दोन रेषांवर जवळजवळ हलत नाही, म्हणून आधार तिथेच द्यायचा. गळाच्या बारीक नायलॉन दोऱ्याचे दोन फास करून पट्टी आडवी टांगा. फक्त मॉड्युलस हवा असेल तर मऊ फोमच्या दोन अरुंद पट्ट्याही पुरतात. खुणांबद्दल शंका असेल तर पट्टीवर रांगोळी भुरभुरवा आणि मध्यावर हलके हलके ठोके देत राहा. कण उडून दोन रेषांवर गोळा होतात.

ठोक्यासाठी बेअरिंगचा ५ मिमीचा छर्रा केबल-टायच्या टोकाला चिकटवा. ठोका वरच्या रुंद बाजूच्या बरोब्बर मध्यावर हवा, कारण दुसऱ्या कंपनाची आणि पिळाच्या कंपनाची स्थिर जागा तिथे असते. ती जवळपास उठतच नाहीत. छर्रा लगेच मागे यायला हवा. टेकून राहिला तर स्वर तिथेच मेला.

फोनचा माइक पट्टीच्या मध्याखाली ५ ते १० सेंटिमीटरवर ठेवा. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, सेकंदाला ४८,००० सॅम्पलवर. नॉइज सप्रेशन आणि ऑटो-गेन बंद करा. ऑटो-गेन मावळता आवाज मुद्दाम वर उचलतो, मग विरण्याचा आकडा काहीच्या काही येतो.

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम (कोणती वारंवारता किती जोरात आहे याचा आलेख) काढताना विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचे सॅम्पल, ६५,५३६ ठेवा, त्यात ०.७ हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो. आपल्या पट्टीचं शिखर ६५५ हर्ट्झच्या आसपास दिसेल. आता सूत्र:

यंग मॉड्युलस = ०.९४६५ × (वस्तुमान × वारंवारता² ÷ रुंदी) × (लांबी ÷ जाडी)³ × दुरुस्ती

दुरुस्ती = १ + ६.५८५ × (जाडी ÷ लांबी)²

मापं किलो आणि मीटरमध्ये घाला, उत्तर पास्कलमध्ये येतं (१०० कोटी पास्कल म्हणजे एक गिगापास्कल). वस्तुमान ०.१९६ किलो असेल तर उत्तर साधारण २०५ गिगापास्कल येतं. स्टीलचं २०० ते २१० असतंच. अॅल्युमिनियमला ७०च्या जवळपास यायला हवं. उत्तर भलतंच आलं तर आधी जाडीकडे बघा. ती घनात जाते, म्हणून ५ मिमीत ०.०५ मिमी चुकलं की मॉड्युलस ३ टक्क्यांनी चुकतो. मायक्रोमीटरने पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

आता विरणं. रेकॉर्डिंगला ५०० ते ९०० हर्ट्झचा फिल्टर लावा, आलेखाचा उभा अक्ष डेसिबलमध्ये करा. पहिले ०.२ सेकंद सोडून द्या. पुढे सरळ उतरती रेघ दिसेल. तिच्यावर २०-३० डेसिबलची उतरण मोजा. त्यावरून क्यू हा आकडा निघतो; तो जितका मोठा, तितकं डॅम्पिंग कमी.

क्यू = २७.३ × वारंवारता ÷ (दर सेकंदाची घट, डेसिबलमध्ये)

सेकंदाला ९ डेसिबल घट झाली तर क्यू साधारण २,०००, आणि लॉस फॅक्टर, म्हणजे डॅम्पिंगचं माप, हा त्याचा व्यस्त, ०.०००५. रेघ सरळ न उतरता लाटांसारखी वरखाली होत असेल तर दोन जवळचे स्वर एकत्र वाजताहेत. ठोक्याची जागा आणि पट्टीच्या कडा तपासा.

खरी गोम इथे आहे: मिळालेला लॉस फॅक्टर एकट्या पोलादाचा नसतो. त्यात दोरा आणि हवा यांनी खाल्लेली ऊर्जाही मिसळलेली असते, आणि या सगळ्याची बेरीजच होते. म्हणून दोरे दोन्हीकडे एकेक मिलिमीटर सरकवून पुन्हा पुन्हा मोजा. सर्वात जास्त वेळ वाजलेला ठोका सत्याच्या सर्वात जवळचा. इथे सरासरी काढणं चूक आहे. स्वर मात्र या सरकवण्याने फारसा हलत नाही. शिकंज्यात एक टोक आवळून हे मोजमाप करणारे बहुतेक वेळा शिकंज्याचंच डॅम्पिंग मोजतात.

लाकूड किंवा प्लॅस्टिकची अडचण उलटी. लाकडाचा क्यू शंभराच्या घरात असतो, म्हणजे या वारंवारतेला आवाज ६० डेसिबल उतरायला जेमतेम पाव-अर्धा सेकंद लागतो. रिकाम्या खोलीचा घुमारा त्याहून लांब टिकतो आणि तुम्ही पट्टीऐवजी खोली मोजता. भोवती गाद्या-उशा लावा, माइक अगदी जवळ आणा, आणि सुरुवातीचे ०.२ सेकंद सोडायचा नियम इथे ०.०२ वर आणा. फिल्टरही फार अरुंद नको. अरुंद फिल्टर स्वतःच घुमतो.

तडा शोधायचा असेल तर मॉड्युलसपर्यंत जायचीही गरज नाही. माठ घेताना टिचकी मारून बद्द आवाज ओळखतात, तसंच: एकाच मापाच्या दहा पट्ट्यांत एखादीचा स्वर उतरला आणि क्यू निम्म्याने पडला, तर ती बाजूला काढा. तड्याच्या कडा एकमेकींवर घासून ऊर्जा खातात. ग्रे कास्ट आयर्नचा क्यू मात्र स्टीलपेक्षा मुळातच बराच कमी असतो, त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे. त्याची तुलना त्याच ओतकामाच्या तुकड्याशी करा.