हॉवर्थियाची कुजलेली मुळे

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या घरातील सज्ज्यात ठेवलेल्या हॉवर्थिया कूपेरी या रसाळ पानांच्या छोट्या रोपाची पाने मऊ पडली आणि ज्यांतून प्रकाश पानाच्या आत उतरतो ती काचेसारखी पारदर्शक टोके सुरकुतली, तेव्हा रोप तहानलेले आहे असे समजून मी आणखी पाणी घातले. हीच चूक होती. कुंडीतून उपसल्यावर दिसले की रोपवाटिकेतील कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, ओला गोळा मुळांना घट्ट चिकटला होता आणि बहुतेक मुळे तपकिरी, पोकळ होऊन त्यांची साल बोटाने ओढताच सुटून येत होती. धड मुळे नसल्यामुळे रोप पाण्यातही तहानलेले राहिले होते.

सगळे कोकोपीट काढले, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने पांढरा गाभा दिसेपर्यंत कुजका भाग कापला आणि रोप 5 दिवस सावलीत कागदावर सुकू दिले. मग 3 भाग विटांचा चाळून धुतलेला जाडसर चुरा आणि 1 भाग गांडूळखत अशा मिश्रणात, मातीच्या लहान कुंडीत ते लावले. पाणी आठवड्यानंतरच दिले. दक्षिण आफ्रिकेतील आपल्या मूळ भूमीत ही वनस्पती बरीचशी मातीत दडलेली असते आणि तिची टोकेच तेवढी वर दिसतात, म्हणून तिला भर उन्हात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

दीड महिन्याने पाने टणक झाली, आणि आता सकाळच्या तिरप्या उजेडात त्या टोकांमधील हिरव्या रेषा स्पष्ट दिसतात.