बॉक्सची भिंत अचानक सरकली तर? क्वांटम मेकॅनिक्सचं एक गणित, पायरी पायरीने

'पार्टिकल इन अ बॉक्स', म्हणजे दोन भिंतींत कोंडलेल्या कणाचं गणित, बी.एस्सी.च्या बहुतेकांना पाठ असतं. साइनचं वेव्ह फंक्शन (ज्याच्या वर्गावरून कण कुठे सापडेल याची शक्यता कळते), एन वर्गाच्या पटीत वाढणारी ऊर्जा (एन म्हणजे पातळीचा क्रमांक), सगळं घडाघडा लिहिता येतं. पण त्याच बॉक्सची भिंत हलवली की पेन अडतं. इंटिग्रेशन तर बारावीच्या तोडीचंच असतं. अडचण असते ती कोणतं सूत्र जुन्या बॉक्सचं आणि कोणतं नव्या, हे न ठरवताच लिहायला घेण्याची. कलिन्यातली, म्हणजे मुंबई विद्यापीठाची, लेखी परीक्षा असो की जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतला आकडा टाइप करून द्यायचा प्रश्न, गुण जातात ते इथेच.

गणित असं आहे. अनंत उंच भिंतींच्या, १ नॅनोमीटर रुंद बॉक्समध्ये एक इलेक्ट्रॉन ग्राउंड स्टेटमध्ये, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत आहे. उजवी भिंत अचानक २ नॅनोमीटरवर नेली. लगेच ऊर्जा मोजली, तर इलेक्ट्रॉन नव्या ग्राउंड स्टेटमध्ये सापडण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त शक्यता कोणत्या ऊर्जेची? आणि सरासरी ऊर्जा किती?

आधी एककं

किलोग्रॅम, ज्यूल आणि दहाचा उणे चौतिसावा घात घेऊन बसू नका. तीन आकडे लोकलमध्ये उभ्याउभ्याही पाठ होतात: प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग = १२४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट नॅनोमीटर; इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा (वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग) ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट; न्यूट्रॉनची सुमारे ९४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

हात बसवायला न्यूट्रॉन घ्या. ट्रॉम्बेची १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली. अशा भट्टीतल्या मंद न्यूट्रॉनची ऊर्जा साधारण ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तरंगलांबी = १२४० ÷ √(२ × स्थिर ऊर्जा × गतिज ऊर्जा), म्हणजे ०.१८ नॅनोमीटर. स्फटिकातल्या अणूंमधलं अंतरही याच घरातलं, म्हणूनच न्यूट्रॉनचे झोत सोडून स्फटिकांची रचना तपासता येते.

आता आपला बॉक्स. ग्राउंड स्टेटची ऊर्जा = १२४०² ÷ (८ × ५,११,००० × रुंदी²). रुंदी १ नॅनोमीटर, म्हणून ०.३७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रुंदी दुप्पट झाली की ऊर्जा चौथाई, म्हणजे नव्या बॉक्सच्या पातळ्या ०.०९४ गुणिले एन वर्ग: ०.०९४, ०.३७६, ०.८४६ आणि पुढे. नवी दुसरी पातळी जुन्या पहिलीइतकीच आहे, हे आत्ताच टिपून ठेवा.

मग 'अचानक' या शब्दाचा अर्थ

अचानक म्हणजे भिंत सरकेपर्यंत वेव्ह फंक्शनला बदलायला वेळच मिळाला नाही. या इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ३.६ लाख मीटर भरतो, भिंत त्याहून खूप जलद सरकली पाहिजे. तेव्हा भिंत सरकल्याच्या क्षणी वेव्ह फंक्शन जुनंच असतं: ० ते १ नॅनोमीटर साइनचा एक उंचवटा, १ ते २ मध्ये शून्य. पातळ्या मात्र नव्या.

प्रश्नात 'सावकाश' असेल तर उत्तर एका ओळीचं. इलेक्ट्रॉन ग्राउंड स्टेटमध्येच राहतो, ऊर्जा ०.०९४ वर येते आणि फरकाचे ०.२८२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भिंतीला ढकलण्यात खर्च होतात.

आकृती काढा, मगच इंटिग्रेशन

वहीत दोन्ही वेव्ह फंक्शन एकाखाली एक काढा. वेळ वाचवायला ही आकृती गाळणारेच पुढे अर्धा तास घालवतात. जुन्या बॉक्सची रुंदी एल म्हणा. जुन्या फंक्शनचा नॉर्मलायझेशनचा गुणक (एकूण शक्यता १ ठेवणारा) √(२/एल), नव्याचा √(१/एल), कारण नव्या बॉक्सची रुंदी दोन एल आहे. दोघांचा गुणाकार करून ० ते एल एवढंच इंटिग्रेशन करायचं, कारण त्यापुढे जुनं फंक्शन शून्य आहे. जे येईल त्याचा वर्ग म्हणजे शक्यता.

विषम एनसाठी शक्यता येते ३२ ÷ [π² (एन² − ४)²]. सम एनसाठी शून्य, पण एन = २ सोडून. तिथे कोणत्याही एनसाठीचं सूत्र शून्य भागिले शून्य होतं, आणि पुष्कळजण ती जागा शून्य धरून पुढे जातात. एन = २ साठी इंटिग्रेशन वेगळं करा. साइनचा वर्ग उरतो आणि शक्यता नेमकी अर्धी येते.

आकडे: एन = १ साठी ०.३६०, एन = २ साठी ०.५००, एन = ३ साठी ०.१३०, एन = ५ साठी ०.००७. म्हणजे सर्वांत जास्त शक्यता नव्या ग्राउंड स्टेटची नाही, दुसऱ्या पातळीची आहे.

बेरीज बोलते

चारही आकड्यांची बेरीज ०.९९७. उरलेलं एन = ७ आणि पुढच्यांत आहे, तेव्हा गणित बरोबर. बेरीज चुकली तर चूक कुठे झाली तेही बहुधा तीच सांगते. एन = २ ची शक्यता २ आली, तर तुम्ही ० ते दोन एल इंटिग्रेशन केलंत आणि रिकाम्या अर्ध्या भागातही जुनी साइन चालू ठेवलीत. एन = २ साठी १ आणि एन = १ साठी ०.७२ आलं, तर नव्या फंक्शनलाही √(२/एल) लावलंत.

सरासरी ऊर्जा

इथे प्रत्येक पातळीची शक्यता गुणिले ऊर्जा अशी मालिका मांडून बेरीज करत बसायची गरज नाही. वेव्ह फंक्शन बदललं नाही, आतला पोटेन्शिअल (स्थितिज ऊर्जा) शून्यच आहे, म्हणून सरासरी होती तेवढीच: ०.३७६. मालिकेने पडताळायचं असेल तर चिकाटी लागते. एन = ५ पर्यंत शक्यतांची बेरीज ९९.७ टक्के झालेली असते, पण ऊर्जेची बेरीज ०.३४९ पर्यंतच पोचते. कारण आकृतीत दिसतं. भिंतीच्या जुन्या जागी वेव्ह फंक्शनला टोकदार वळण आहे, आणि तसं वळण साइनच्या लाटांनी घडवायचं तर फार वरच्या पातळ्या घ्याव्या लागतात. ऊर्जेच्या वर्गाची सरासरी काढायला गेलात तर ती अनंत येते. ती तुमची चूक नव्हे, क्षणात सरकणारी भिंत ही कल्पनाच तेवढी टोकाची आहे.

हमखास विचारली जाणारी शंका: मोजल्यावर ०.८४६ मिळाली तर जास्तीची ऊर्जा आली कुठून? अशी शक्यता सगळी मिळून सुमारे १४ टक्के आहे. मोजण्याआधी इलेक्ट्रॉनकडे 'एक' ऊर्जा नव्हतीच, अनेक ऊर्जांचं मिश्रण होतं. तशाच तयार केलेल्या असंख्य बॉक्समध्ये मोजलं, तर सरासरी ०.३७६ भरेल. एकेका मोजणीला तो हिशोब लावू नका. उरलेली देवघेव इलेक्ट्रॉन आणि मोजणारं यंत्र यांच्यात होते.

मोजलंच नाही तर

प्रत्येक पातळीची फेज (लाटेची तिच्या चक्रातली जागा) आपापल्या गतीने फिरते आणि उंचवटा बॉक्सभर पसरतो. सगळ्या ऊर्जा ०.०९४ च्या पूर्ण पटीत असल्याने ४४ फेम्टोसेकंदांनी (एक फेम्टोसेकंद म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात सेकंद) तो जसाच्या तसा परत जमतो. शक्यता मात्र मधल्या काळात अजिबात बदलत नाहीत. म्हणून प्रश्नात 'लगेच मोजली' ऐवजी 'काही वेळाने मोजली' असलं तरी तिन्ही उत्तरांना धक्का लागत नाही.

सरावासाठी दोन्ही भिंती अर्धा-अर्धा नॅनोमीटर बाहेर सरकवा. एकूण रुंदी पुन्हा २ नॅनोमीटरच, पण आता सगळं मध्याभोवती सममित आहे, म्हणून एन = २ ची शक्यता शून्य होते. मूळबिंदू मध्यावर घेऊन कोसाइनने सोडवा. ग्राउंड स्टेटसाठी ६४ ÷ ९π² येतं, म्हणजे ०.७२, आणि एन = ३ साठी ०.२६. इथे ०.७२ बरोबर आहे, नॉर्मलायझेशन खोडू नका.