मिशनचं रोटेशन लावताना या चुका टाळा

एकामागून एक आपोआप लागणारी चार मिशन, प्रत्येकी सहा तास. हवाई लढाईच्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर नव्याने चालवणारा जवळजवळ प्रत्येक अ‍ॅडमिन हेच करतो. सहा चोक चोवीस, हिशेब छान बसतो आणि तिथेच घात होतो. चक्र बरोबर एका दिवसात संपलं की रोज रात्री दहाला तेच मिशन लागतं. परळहून सुटून साडेनऊला डोंबिवलीला घरी टेकणारा मुलगा महिनाभर मिडवेच (पॅसिफिकमधली अमेरिका-जपान लढाई) उडवत राहतो, 1940 ची ब्रिटनची लढाई त्याच्या वाट्याला येतच नाही. पाचवं मिशन घाला. चक्र तीस तासांचं होतं, दहाला रोज वेगळं मिशन येतं आणि फक्त रविवारी खेळणाऱ्यालाही पाच रविवारांत पाचही मिळतात.

घड्याळाची चूक तर दरवर्षी बघतो. ओळखीच्या एका गटाने वेळापत्रक लंडनच्या वेळेवर बांधलं होतं. उन्हाळ्यात तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडचे साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. मुंबईची पोरं साडेनऊला जॉयस्टिक धरून तयार, मिशन लागलं साडेदहाला. तोवर निम्मे उठून गेले. जर्मन बाजू भरलेली आणि समोर ब्रिटिशांची दोन हरिकेन विमानं! अ‍ॅडमिन म्हणाला, "दादा, मी तर काहीच बदललं नव्हतं." अरे, म्हणूनच तर झालं! वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत ठेवा. मी घोषणेत यूटीसी आणि भारतीय वेळ शेजारी शेजारी लिहितो, साडेपाच तासांचा फरक दोनदा मोजून.

विमानांची यादी तारखेशी ताडून बघा. मिडवे जून 1942 ची, अमेरिकेचं हेलकॅट लढाईत उतरलं 1943 मध्ये. तिथे त्याच्या आधीचं वाइल्डकॅटच हवं, जपानी झीरोपुढे वळताना कमी पडलं तरी. बोयराची भारत-पाक हवाई चकमक, 22 नोव्हेंबर 1971: आपलं नॅट आणि पाकिस्तानचं सेबर, बस्स.

"उडून जायला फार वेळ लागतो" म्हणून जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट 109 थेट इंग्लंडच्या किनाऱ्यावर हवेत सोडणारे मला अजिबात पटत नाहीत. 1940 मध्ये त्या वैमानिकाला लंडनवर इंधन पुरायचं जेमतेम दहा मिनिटं. फ्रान्समधून उडायचं आणि परतीपुरतं राखायचं, ही धाकधूक काढून टाकली तर त्या लढाईत उरतं काय? ज्याला एवढाही धीर नाही, त्याच्यासाठी झटपट लढतीचे सर्व्हर आहेत.

आणि मिशन बदलण्याआधी पंधरा मिनिटं इशारा द्या. बॉम्बर परतीच्या वाटेवर असताना नकाशा बदलला की तो खेळाडू पुन्हा बॉम्बर घेत नाही.