पिकअपवर कॅम्पर बसवण्यापूर्वी वजनाचा हिशेब

पिकअपच्या हौद्यावर बसणारे फिरते घर, म्हणजे ट्रक कॅम्पर, विकत घ्यायचे असो किंवा इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या बॉडी बांधणाऱ्याकडून करून घ्यायचे असो, पलंग कुठे आणि ओटा कुठे हे ठरवण्याआधी गाडीला किती वजन झेपते ते पाहावे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, लेडन आणि अनलेडन असे दोन आकडे असतात. अनलेडन म्हणजे रिकाम्या गाडीचे वजन. लेडन म्हणजे माणसे, डिझेल, कॅम्पर आणि सामान धरून गाडीचे जास्तीत जास्त मान्य वजन. या दोहोंची वजाबाकी हीच आपली पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारे वजन, असे बहुतेकजण समजतात. पण अनलेडन वजनात चालक धरलेला नसतो आणि तुम्ही नंतर बसवलेला बंपर, कॅरिअर किंवा विंच आरसीला ठाऊक नसते. अमेरिकेत दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल हा आकडा छापलेला असतो. आपल्याकडे तो वजनकाट्यावर जाऊन स्वतः काढलेला बरा.

त्यासाठी टाकी पूर्ण भरून, रिकामी गाडी देवास नाक्याकडच्या एखाद्या धरमकाट्यावर न्यावी, चालकासह सर्वांनी खाली उतरावे आणि वजनाची चिठ्ठी घ्यावी. मोठ्या ट्रकांचे काटे बहुधा १० किंवा २० किलोंच्या टप्प्यांनी आकडा दाखवतात, म्हणून गाडी चिठ्ठीपेक्षा तेवढी जड असू शकते हे आधीच धरून चालावे. समजा, आरसीवर लेडन वजन २,९५० किलो आहे आणि चिठ्ठीवर १,८३० आले, तर शिल्लक राहिले १,१२० किलो.

कॅम्परचे वजन विचारले की विकणारा कोरडे, म्हणजे पाणी-सामान न धरता केलेले वजन सांगतो, आणि फसगत होते ती इथेच. ७२० किलोंचा कॅम्पर या गाडीवर सहज बसेल असे वाटते. पण पाण्याची ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो वाढले; घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोंचा, इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ५५ किलोंची, डबल कॅबमधली चार माणसे २७० किलोंची, आणि गाद्या, भांडी, शिधा धरून आणखी ९० किलो. एकूण १,२४५, म्हणजे मर्यादेपेक्षा १२५ किलो जास्त. बांधून घेणाऱ्यांनी प्लायचाही विचार करावा, कारण आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची एक शीट सुमारे ३५ किलो भरते आणि सुतार अशा शीट वापरताना हात आखडता घेत नाही.

एकूण वजन जमले तरी ते कोणत्या धुरावर (अ‍ॅक्सलवर) पडते हे वेगळे तपासावे लागते. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या धुराच्या पुढे असावा. दोन्ही धुरांमधले अंतर ३ मीटर असलेल्या गाडीत ८०० किलोंच्या कॅम्परचा मध्य मागच्या धुरापासून ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागच्या धुरावर ८८० किलो पडतात आणि पुढची चाके ८० किलोंनी हलकी होतात. भेरूघाट उतरताना स्टीअरिंग आणि ब्रेक ज्या चाकांवर अवलंबून असतात, तीच ही चाके. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी हौद्याच्या पुढच्या भागात, शक्य तितकी खाली ठेवावी. मागच्या दाराशी सोयीची जागा दिसली तरी मोह टाळावा.

सगळे भरून झाल्यावर, माणसांसह, पुन्हा काट्यावर जावे. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. पुढच्या आणि मागच्या आकड्यांची बेरीज पूर्ण वजनाशी जवळपास जुळली पाहिजे. मागच्या धुराचा आकडा टायरशीही ताडून पाहावा: टायरच्या मापानंतरचा १०४ हा भारांक म्हणजे एका टायरला ९०० किलो, ११२ म्हणजे १,१२०. स्प्रिंगमध्ये जादा पट्टे घातल्याने गाडी मागून बसत नाही एवढेच. आरसीवरची मर्यादा त्यामुळे वाढत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. कॅम्पर काढता-घालता न येणारा, कायमचा जोडायचा असेल, तर कलम ५२ मधील, गाडीच्या रचनेत केलेल्या बदलाचा प्रश्न येतो; तेव्हा बांधणीचा आगाऊ पैसा देण्याआधी आरटीओत विचारणा करावी.